पायलॉसची ढाल

इ. स. १९३६ सालीं अथेन्स येथील प्राचीन बाजारचौकाचें, ज्यास ग्रीक लोक 'अगोरा' म्हणत, उत्खनन चालू असतां एका बुजलेल्या हौदांतून कांशाची एक ढाल निघाली. आंतील लांकूड केव्हांच कुजून गेलें असून वरचा पत्रा तेवढा शिल्लक राहिला आहे, आणि तोहि चेंबलेला. लांबी सुमारें ९५ सेंटिमीटर, रुंदी ८३. कांठावर वेणीसारखी नक्षी. केवळ कारागिरीसाठीं हिची एवढी ख्याति झाली नसती. परंतु हिच्या दर्शनी भागावर टोच्यानें ठोकून ठिपक्यांचीं अक्षरें काढलेलीं आहेत, व तीं लावलीं असतां अर्थ निघतो तो असा: 'अथेन्सकरांनीं, लॅसिडेमोनियनांपासून, पायलॉसहून.' क्रियापद नाहीं. 'घेतली' किंवा 'अर्पण केली' असें तें वाचणारानें मनांत घालावयाचें. लॅसिडेमोनियन म्हणजे स्पार्टाच्या राज्यांतील लोक.

हा प्रसंग इ. स. पू. ४२५ चा. अथेन्स व स्पार्टा ह्या दोन नगरराज्यांमध्यें इ. स. पू. ४३१ पासून ४०४ पर्यंत जें सत्तावीस वर्षांचें युद्ध झालें त्यांतील हें सातवें वर्ष. युद्धाचा इतिहास थ्युसिडिडीज नांवाच्या अथेन्सकरानें लिहिला असून पायलॉसचा वृत्तांत त्याच्या चौथ्या खंडांत आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दप्तरांत एकाच लढाईची बखर एक सांगते, पत्र दुसरें सांगतें आणि हिशेबाची यादी तिसरें सुचविते असे प्रसंग नेहमीं येत असतात. प्राचीन ग्रीसच्या इतिहासांत एकाच घटनेचीं इतक्या जातींचीं साधनें सहसा एकत्र मिळत नाहींत. पायलॉसच्या बाबतींत तीं मिळालीं आहेत. त्यांची एकमेकांशीं ताडणी करून थ्युसिडिडीजच्या शब्दावर कोठवर विसंबावें हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम हकीकत. अथेन्सचें एक आरमार सिसिली बेटाकडे जात असतां वादळामुळें पेलॉपॉनिससच्या पश्चिम किनाऱ्यावरील पायलॉसच्या बंदरांत शिरलें. आरमाराबरोबर डेमॉस्थेनीझ नांवाचा सेनानी होता. पुढील शतकांतील प्रसिद्ध वक्ता तो हा नव्हे. ती जागा ओसाड, पण जात्या बळकट असून स्पार्टापासून चारशें स्टेडियम, म्हणजे सुमारें सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर अंतरावर होती. ती ताब्यांत ठेवावी हा त्याचा सल्ला इतर सरदारांनीं मानला नाहीं. वादळ मात्र शमेना. तेव्हां रिकाम्या बसलेल्या शिपायांनींच आपण होऊन तट घालण्यास आरंभ केला. दगड घडविण्याचीं हत्यारें नव्हतीं, म्हणून जसे बसतील तसे दगड निवडून रचले. चिखल वाहण्यास घमेलीं नव्हतीं, म्हणून तो पाठीवर घेऊन, खालीं पडूं नये यासाठीं मागें दोन्ही हातांचीं बोटें गुंतवून, वांकून चालत. सहा दिवसांत काम उरकलें. डेमॉस्थेनीझ पांच गलबतांनिशीं मागें राहिला.

अॅटिकाच्या मुलखांत जाळपोळ करण्यास गेलेलें स्पार्टाचें सैन्य ही बातमी कळतांच पंधरा दिवसांत परत फिरलें. पायलॉसच्या बंदराच्या तोंडाशीं स्फॅक्टेरिया नांवाचें लांबट, रानानें भरलेलें, निर्मनुष्य बेट आहे. त्यावर स्पार्टानें चिठ्ठ्या टाकून निवडलेले ४२० जड शस्त्रांचे पाईक व त्यांचे हेलॉट चाकर उतरविले. हेलॉट म्हणजे जिंकलेल्या मुलखांतील शेतकरी; हे स्पार्टाच्या नागरिकांचीं शेतें कसून त्यांस पोसणारे वंशपरंपरेचे दास. पुढें अथेन्सचें मोठें आरमार परत आलें, त्यानें बंदरांत शिरून स्पार्टाच्या गलबतांची दाणादाण केली, आणि बेटावरील माणसें कोंडलीं गेलीं.

येथून पुढें जें झालें त्यानें साऱ्या ग्रीसला अचंबा वाटला. स्पार्टानें ताबडतोब तहाचें बोलणें लाविलें. तात्पुरता करार झाला त्यांत बेटावरील प्रत्येक पाइकास दररोज जवाच्या मळलेल्या पिठाचीं दोन मापें, मद्याचीं दोन लहान मापें व मांस द्यावें, चाकरांस याच्या निम्में, आणि हें सर्व अथेन्सकरांच्या नजरेखालीं जावें, असें कलम होतें. त्याबद्दल स्पार्टानें साठ गलबतें अमानत ठेवलीं. अथेन्समध्यें क्लीऑन नांवाच्या पुढाऱ्याच्या आग्रहानें तह फिसकटला, आणि अथेन्सकरांनीं कांहीं निमित्त काढून तीं साठ गलबतें दाबून ठेवलीं तीं ठेवलींच. मग बेटावर चोरून रसद जाऊं लागली. जो हेलॉट ती पोंचवील त्यास दास्यांतून मुक्ति, असें स्पार्टानें जाहीर केलें होतें. कांहीं जण पाण्याखालून पोहत जात. मधांत कालविलेली खसखस व कुटलेली जवस कातडी पिशव्यांत भरून ती दोरीनें मागें ओढीत नेत.

दिवस लांबले तसा अथेन्सच्या सभेंत असंतोष वाढला. क्लीऑननें सेनापति निसिअस याच्याकडे बोट दाखवून, आमचे सरदार मर्द असते तर हें काम केव्हांच झालें असतें, असें म्हटलें. निसिअसनें तत्काळ आपला अधिकार सोडून तो त्याच्याच गळ्यांत घातला. क्लीऑन प्रथम कचरला, मग वीस दिवसांत त्यांस जिवंत आणीन किंवा तेथेंच मारीन असें बोलून गेला. सभा हंसली. थ्युसिडिडीज सांगतो कीं शहाण्या लोकांस समाधान वाटलें, कारण दोहोंपैकीं एक लाभ निश्चित होता: एक तर क्लीऑनची पीडा टळेल, नाहीं तर शत्रु हातीं येईल.

वीस दिवसांच्या आंत शत्रु हातीं आला. चुकून लागलेल्या वणव्यानें बेटावरील रान अगोदरच जळून गेलें होतें व लपण्यास जागा उरली नव्हती. पहांटेपूर्वीं आठशें जड पाईक उतरले. मागाहून तिरंदाज, भालेकरी व सत्तरांहून अधिक गलबतांवरील खलाशी. स्पार्टाचा शिपाई समोरासमोर ढालीला ढाल भिडवून लढण्यांत अजिंक्य. येथें त्यास समोर कोणी उभेंच राहीना. हलक्या शस्त्रांचे लोक जवळ येत, बाण-दगड टाकीत, आणि पळून जात. जळलेल्या रानाची राख उडून पुढचें दिसेना. अखेर उरलेले लोक बेटाच्या उत्तर टोंकावरील जुन्या गढींत शिरले, व एक मेसेनियन नायक कडा चढून त्यांच्या पाठीशीं येऊन उभा राहिला. मुख्य अधिकारी पडला होता, दुसरा मेलेल्यांत गणला गेला होता. तिसऱ्यानें मुख्य भूमीवरील सरदारांस विचारणा केली. शेवटचा जबाब आला तो असा कीं, तुमचें तुम्हींच ठरवा, मात्र लाज आणणारें कांहीं करूं नका. हा जबाब देणारांनीं जबाबदारी मोठ्या खुबीनें झाडून टाकली असें आम्हांस वाटतें. बेटावरील लोकांनीं आपसांत विचार केला व ढाली खालीं ठेवल्या. वेढा एकंदर बहात्तर दिवस चालला होता. ४२० पैकीं १२८ मेले, २९२ जिवंत सांपडले, आणि त्यांत सुमारें १२० अस्सल स्पार्टन नागरिक होते.

हा वृत्तांत ज्या पोथ्यांवरून आपणांस कळतो त्यांतील सर्वांत जुन्या संपूर्ण पोथ्यांपैकीं एक इ. स. च्या दहाव्या शतकांतील असून ती फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत आहे. ग्रंथकार व पोथी यांमध्यें तेराशें वर्षांचें अंतर. इतक्या कालांत नकलकारांनीं काय काय घातलें व गाळलें असेल, ही शंका आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथें ग्रेन्फेल व हंट ह्या इंग्रज पंडितांनीं उकिरड्यांतून जे पपायरस काढले त्यांत दैवयोगानें नेमका हाच भाग निघाला. चौथ्या खंडाचे ३६ ते ४१ हे अध्याय त्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केले, आणि त्याच गुंडाळीचा २८ ते ३५ अध्यायांचा तुकडा १९०४ सालीं. ही गुंडाळी इ. स. च्या पहिल्या शतकांतील, म्हणजे उपरिनिर्दिष्ट पोथीपेक्षां आठशें वर्षांहून अधिक जुनी. सभेंतील वीस दिवसांच्या प्रतिज्ञेपासून कैद्यांच्या रवानगीपर्यंतचा मजकूर तींत येतो, आणि किरकोळ पाठभेद वगळले तर संहिता तीच आहे.

संहिता शुद्ध ठरली म्हणून ग्रंथकार बरोबर ठरतो असें नाहीं. थ्युसिडिडीज स्फॅक्टेरियाची लांबी सुमारें पंधरा स्टेडियम, म्हणजे पावणेतीन किलोमीटर देतो. बेट प्रत्यक्षांत साडेचार किलोमीटरांच्या आसपास आहे. ग्रीक अंकलेखनांत पंधरा व पंचवीस यांत एकाच अक्षराचा फरक पडत असल्यामुळें कांहीं पंडितांनीं हा नकलकाराचा हस्तदोष मानून पंचवीस असा पाठ सुचविला. हें मोजमाप आठव्या अध्यायांत येतें, त्यामुळें वरील पपायरस येथें उपयोगी पडत नाहीं. परंतु त्याच अध्यायांत दक्षिणेकडील खाडीच्या मुखांतून आठ-नऊ गलबतें शेजारीं शेजारीं जाऊं शकतात असेंहि म्हटलें आहे, आणि तें मुख एक किलोमीटराहून रुंद आहे. ग्रंडी व बरोज यांनीं तेथें जाऊन पाहणी केली व १८९६ सालीं आपापले निबंध प्रसिद्ध करून ह्या स्थलनिर्णयाविषयीं बराच वाद घातला. आमच्या मतें, एक अक्षर बदलून एक चूक झांकतां येईल, दुसरी झांकतां येणार नाहीं. म्हणून दोन्ही मोजमापें ग्रंथकारास कोणा लढवय्यानें अंदाजानें सांगितलेलीं असावीं हें अधिक संभवतें. माणसांच्या व दिवसांच्या आंकड्यांची गोष्ट निराळी. कैदी अथेन्समध्येंच मोजले गेले होते.

दस्तऐवज उतरून घेण्यांत तो किती काटेकोर होता याची एक उत्तम कसोटी पायलॉसनंतर पांच वर्षांच्या एका तहनाम्यावरून लागते. इ. स. पू. ४२० सालीं अथेन्स, आर्गॉस, मॅन्टिनिया व ईलिस यांनीं शंभर वर्षांचा सख्याचा तह केला. त्याचीं कलमें थ्युसिडिडीजनें पांचव्या खंडांत दिलीं आहेत, आणि त्याच तहाच्या शिलालेखाचा एक तुकडा १८७७ सालीं अॅक्रॉपॉलिसच्या दक्षिण उतारावर सांपडला. शब्दांचा क्रम व बारीकसारीक शब्द यांत फरक आहे, अर्थांत नाहीं. शंभर वर्षांचा तो तह इ. स. पू. ४१८ च्या मॅन्टिनियाच्या लढाईनें निकालांत निघाला, हा भाग वेगळा.

आतां मुख्य प्रश्न. ज्या राज्यास सारा ग्रीस भीत असे त्यानें १२० माणसांसाठीं आपलें आरमार अमानत कां ठेवावें? याचें उत्तर स्पार्टाच्या लष्करी जीवनांत आहे. तेथील मुलास सातव्या वर्षीं घरांतून काढून टोळींत घालीत, आणि पुढें त्याचें सारें आयुष्य कवाईत व पंक्ति यांत जाई. पंक्ति हा शब्द आम्ही जाणून योजतों: प्रत्येक नागरिकानें ठराविक मंडळींत जेवावयाचें व त्यासाठीं जव, मद्य, पनीर, अंजीर यांचा नेमलेला हिस्सा दरमहा द्यावयाचा. हा हिस्सा देण्याची ऐपत राहिली नाहीं कीं नागरिकत्व गेलें, असें अॅरिस्टॉटल सांगतो. ही चाळणी एकाच दिशेनें चाले. खालीं गळलेला क्वचितच वर येई. हिरॉडोटसच्या ग्रंथांत इ. स. पू. ४८० च्या सुमारास स्पार्टांत आठ हजार पुरुष होते असें म्हटलें आहे, व पुढील वर्षीं प्लाटियाच्या रणांगणावर पांच हजार उतरले. इ. स. पू. ३७१ सालीं ल्यूक्ट्रा येथें अवघे सातशें होते व त्यांतले चारशें पडले, असें झेनोफन सांगतो. अॅरिस्टॉटलच्या वेळीं ती संख्या हजारहि भरत नव्हती; माणसांच्या दुष्काळानें हें राज्य बुडालें, असा त्यानें निष्कर्ष काढला आहे. ह्या उताराच्या वाटेवर १२० माणसें म्हणजे केवढा ठेवा, हें यावरून ध्यानीं येईल.

शिवाय घरांतील शत्रु होताच. पायलॉसचा मुलूख मूळचा मेसेनियन लोकांचा, आणि हेलॉटांपैकीं बहुतेक त्याच वंशाचे. तेथें अथेन्सनें नॉपॅक्टस येथील निर्वासित मेसेनियन आणून बसविले. त्यांची बोली स्पार्टाच्या लोकांसारखीच असल्यामुळें ते बेमालूम मिसळून लुटालूट करीत, आणि हेलॉट पळून त्यांना मिळूं लागले. एके वेळीं, युद्धांत ज्यांनीं उत्तम कामगिरी केली असें ज्यांना वाटतें त्यांनीं पुढें यावें, त्यांस मुक्त करूं, असें स्पार्टानें हेलॉटांस सांगितलें. दोन हजार निवडले गेले. त्यांनीं डोक्यावर माळा घालून देवळांच्या प्रदक्षिणा केल्या. थोड्याच दिवसांत ते नाहींसे झाले, आणि प्रत्येकाचा अंत कसा झाला हें कोणासहि कळलें नाहीं. थ्युसिडिडीज ही गोष्ट पायलॉसमुळें उत्पन्न झालेल्या भीतीच्या अनुषंगानेंच सांगतो. पोहत रसद नेणाऱ्या हेलॉटांस दिलेलें मुक्तीचें वचन वाचतांना हें विसरतां येत नाहीं.

इतकें काटेकोर लिहिणारा हा ग्रंथकार एका मोठ्या बाबतींत सर्वस्वी मुका आहे. विजयानंतर लगेच अथेन्सनें आपल्या अंकित नगरांवरील खंडणी वाढविली. त्या ठरावाचा शिलालेख चाळिसाहून अधिक तुकड्यांत सांपडला असून मेरिट व वेस्ट यांनीं तो जुळवून १९३४ सालीं त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकंदर बेरीज १४६० टॅलेंटांहून कमी नाहीं. थ्युसिडिडीजच्याच सांगण्याप्रमाणें आरंभींची खंडणी ४६० टॅलेंट होती, व युद्धारंभीं सुमारें ६०० येत असे. ह्या प्रचंड वाढीचा त्याच्या ग्रंथांत एका ओळीनेंहि उल्लेख नाहीं. तो स्वतः इ. स. पू. ४२४ सालीं सेनापति होता, अॅम्फिपॉलिस वांचविण्यास वेळेवर पोंचला नाहीं, व वीस वर्षें हद्दपार राहिला. क्लीऑनविषयीं त्याचा द्वेष ओळींओळींतून दिसतो. परंतु द्वेषानें हें गाळलें म्हणावें, तर खंडणीवाढ ही क्लीऑनची निंदा करण्यास आयतीच संधि होती. म्हणून आमचा तर्क असा कीं त्याची दृष्टि रणांगण व सभा यांवर खिळलेली होती आणि जमाखर्चाच्या दगडास त्यानें इतिहास मानलें नाहीं. बखरकारांविषयींहि आम्हीं हेंच म्हटलें असतें.

क्लीऑनविषयीं नाटककाराची साक्षहि पाहण्यासारखी आहे. अॅरिस्टोफेनीसनें इ. स. पू. ४२४ सालीं, म्हणजे विजयास वर्षहि झालें नसतां, 'नाइट्स' हें प्रहसन रंगभूमीवर आणून पहिलें बक्षीस मिळविलें. त्यांत डेमॉस्थेनीझनें मळलेली पायलॉसची पोळी क्लीऑननें चोरून आपली म्हणून वाढली, अशी थट्टा आहे. त्याच नाटकांत पायलॉसच्या ढाली मुठींसकट टांगल्याबद्दल क्लीऑनवर आरोप केला आहे. अर्पण केलेल्या ढालीची मूठ काढून टाकावी, म्हणजे ती कोणास पटकन् उचलून वापरतां येऊं नये, हा त्यांतील मुद्दा. प्रहसनांतील गोष्ट शब्दशः घेऊं नये. तथापि ढाली शहरांत लोकांसमोर टांगल्या होत्या व त्यावरून बोलणें चालत असे, एवढें त्यावरून निर्विवाद ठरतें, आणि १९३६ ची ढाल त्यास पुष्टि देते.

पॉसेनियस ह्या प्रवाशानें इ. स. च्या दुसऱ्या शतकांत अथेन्सच्या चित्रमंडपांत कांहीं ढाली पाहिल्या. काळ व गंज यांपासून रक्षण व्हावें म्हणून त्यांस डांबर फांसलें होतें, आणि त्या स्फॅक्टेरियावरच्या असें त्यास सांगण्यांत आलें. अगोराच्या हौदांतील ढाल त्यांतली नव्हे, कारण तो हौद इ. स. पू. तिसऱ्या शतकांतच बुजला होता. सहाशें वर्षें टिकलेली तोंडी माहिती सहसा संशयास्पद असते. येथें मात्र कोरीव अक्षरांनीं तिला आधार मिळाला आहे.

ऑलिंपिया येथील पुरावा याहून गुंतागुंतीचा आहे. १८७५ सालीं जर्मन उत्खननांत झ्यूसच्या देवळासमोर उड्डाण करीत उतरणाऱ्या विजयदेवतेची संगमरवरी मूर्ति सांपडली. सुमारें नऊ मीटर उंचीच्या तिकोनी खांबावर ती उभी होती. मेन्डी गांवच्या पीओनियसनें ती घडविली, व मेसेनियन आणि नॉपॅक्टसकर यांनीं शत्रूपासून मिळालेल्या लुटीचा दशांश म्हणून ती अर्पण केली, असें तिच्या लेखांत आहे. कोणता शत्रु, तें नाहीं. मेसेनियनांनीं पॉसेनियसला सांगितलें कीं ही स्फॅक्टेरियाची आठवण, आणि स्पार्टाच्या भीतीनें नांव गाळलें. पॉसेनियसला तें पटलें नाहीं. ही अॅकर्नेनियाच्या लढाईची असावी असें त्याचें मत. आम्हांस मेसेनियनांचा पहिला भाग ग्राह्य वाटतो, दुसरा नाहीं. जे लोक पायलॉसवर बसून उघड उघड स्पार्टाचा मुलूख लुटीत होते त्यांस एका शब्दाचें भय वाटलें असेल असें दिसत नाहीं. ऑलिंपिया हें साऱ्या ग्रीकांचें क्षेत्र; नांव न घालतांहि कोण शत्रु तें येणाराजाणारास समजत होतें.

कैद्यांचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. स्पार्टानें अॅटिकावर पुन्हां स्वारी केली तर ह्या सर्वांस बाहेर काढून मारावें असें अथेन्सनें ठरविलें, आणि प्रतिवर्षींच्या स्वाऱ्या बंद झाल्या. पुढची स्वारी एकदम इ. स. पू. ४१३ सालीं झाली. अथेन्सच्या एका मित्रानें कैद्यांपैकीं एकास टोचून विचारलें कीं, तुमच्यांतले जे मेले तेच शूर होते काय? त्यानें उत्तर दिलें कीं, शूर कोण हें ओळखणारी चाती फार मोलाची म्हणावी लागेल. चाती म्हणजे सूत कांतण्याची. बाणास त्यानें बायकी हत्याराचें नांव दिलें. थर्मोपिलीहून एकटा जिवंत परतलेल्या स्पार्टनास घरीं कोणी विस्तवहि देत नसे, असें हिरॉडोटस लिहितो, आणि तो प्रसंग अवघा पंचावन्न वर्षांपूर्वींचा होता.

इ. स. पू. ४२१ सालीं निसिअसच्या नांवानें ओळखला जाणारा तह झाला. त्यांत कैद्यांच्या परतीचें कलम होतें, व तहाचे स्तंभ ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमस, अथेन्सचें अॅक्रॉपॉलिस आणि स्पार्टाजवळील अॅमिक्ली येथें उभारावे असें ठरलें होतें. माणसें घरीं आलीं. त्यांतील कांहींस अधिकाराच्या जागाहि मिळाल्या होत्या. मग स्पार्टाच्या सरकारास भीति वाटूं लागली कीं, आपणांस कमी लेखतील ह्या शंकेनें हे लोक कांहीं बंड करतील. म्हणून ज्यांनीं हत्यारें खालीं ठेवलीं होतीं त्यांचे नागरिक हक्क काढून घेण्यांत आले: अधिकारपद नाहीं, व खरेदी-विक्रीचा व्यवहारहि कायदेशीर नाहीं. कांहीं काळानें ते हक्क त्यांस परत देण्यांत आले, एवढें सांगून थ्युसिडिडीज पुढच्या विषयाकडे वळतो.